कर्जाविना पदव्युत्तर शिक्षण : लष्करच्या पंचाहत्तर रुपयांपासून आजच्या पाठ्यवेतनापर्यंत

ग्वाल्हेरच्या किल्ल्याच्या दक्षिणेस दौलतराव शिंदे यांनी १८१० मध्ये आपल्या फौजेचा तळ दिला. तो तळ पुढे उठला नाही. त्याचेच शहर झाले आणि नावही 'लष्कर' हेच राहिले. याच लष्करातील 'शिंदे की छावनी' या वस्तीत २५ डिसेंबर १९२४ रोजी अटलबिहारी वाजपेयी यांचा जन्म झाला. वडील कृष्णबिहारी हे संस्थानच्या शिक्षण खात्यात होते. घर शिक्षकाचे होते. पुस्तकांची वाण नव्हती, पैशाची होती.

व्हिक्टोरिया कॉलेजातून वाजपेयी बी.ए. झाले, तो काळ १९४५ च्या आसपासचा. वडील निवृत्त झालेले, दोन बहिणींची लग्ने व्हायची होती आणि हुंड्याची चिंता डोक्यावर होती. अशा स्थितीत पुढे शिकायचे म्हणजे पैसा आणायचा कोठून, हा प्रश्न त्यांच्यापुढे होता. पंतप्रधान असताना कानपूरच्या आपल्या महाविद्यालयाच्या नियतकालिकासाठी लिहिलेल्या आठवणींत त्यांनी ही अडचण मोकळेपणाने सांगितली आहे. सर्व दारे बंद दिसत असताना महाराज जिवाजीराव शिंदे यांनी दरमहा पंचाहत्तर रुपयांची शिष्यवृत्ती दिली आणि कानपूरच्या डी.ए.व्ही. कॉलेजात राज्यशास्त्राच्या एम.ए.ला जाण्याचा मार्ग खुला झाला. निवृत्त वडिलांनीही त्याच सुमारास कायद्याच्या वर्गात नाव घातले, पितापुत्र एकाच वर्गात बसले आणि वसतिगृहाच्या एकाच खोलीत राहिले, हा किस्सा अनेकांच्या वाचनात असेल. त्यातील विनोद बाजूला ठेवला, तर त्यात कुटुंबाचा हिशेबही दिसतो. वाजपेयींनी एम.ए. प्रथम श्रेणीत पूर्ण केले. कायद्याचे शिक्षण मात्र अर्धवट राहिले.

या प्रसंगातील लक्षात घेण्याजोगी बाब अशी की, ती शिष्यवृत्ती 'दरमहा' होती. पदव्युत्तर शिक्षणाचा खर्च मोजताना आपल्याकडे प्रथम शुल्काचा आकडा पाहिला जातो. शासकीय महाविद्यालयात किंवा विद्यापीठात साधे एम.ए., एम.एस्सी. करणाऱ्याला शुल्कापेक्षा दोन वर्षांचे राहणे, जेवणे आणि प्रवास अधिक महाग पडतात. ताळगाव पठारावरील गोवा विद्यापीठात घरून जाऊन-येऊन शिकणारा विद्यार्थी आणि तोच अभ्यासक्रम पुण्यात किंवा दिल्लीत खोली घेऊन शिकणारा विद्यार्थी यांच्या खर्चातील मुख्य फरक शुल्काचा नसतो, तो राहण्याचा असतो. म्हणूनच पाठ्यवेतन, म्हणजे दरमहा हातात येणारी रक्कम, हा कर्ज टाळण्याच्या विचाराचा आरंभबिंदू ठरतो.

आधीचे कर्ज डोक्यावर असताना

अनेक गोमंतकीय कुटुंबांत प्रश्न पहिल्या कर्जाचा नसतोच. पदवीसाठी, विशेषतः अभियांत्रिकीसाठी किंवा राज्याबाहेरील खासगी संस्थेसाठी, बँकेचे कर्ज आधीच घेतलेले असते आणि पदव्युत्तर प्रवेशाचा विचार दुसऱ्या कर्जाच्या छायेत होतो. येथे थोडे गणित करावे लागते.

शैक्षणिक कर्जाच्या प्रचलित पद्धतीत अभ्यासक्रमाचा काळ आणि त्यानंतरचे साधारण एक वर्ष हप्ता भरावा लागत नाही. व्याज मात्र त्या काळातही चढत असते. ते सरळव्याजाने धरले जाते. समजा, मूळ कर्ज चार लाखांचे आणि दर दहा टक्के आहे. वर्षाला चाळीस हजार, म्हणजे महिन्याला सुमारे तीन हजार तीनशे रुपये व्याज झाले. बँकेने पदव्युत्तर शिक्षणाच्या दोन वर्षांसाठी परतफेड पुढे ढकलली, तरी ऐंशी हजार रुपयांचा बोजा नवे कर्ज न घेताही वाढतो. मुदतवाढ ही आपोआप मिळणारी गोष्ट नाही. प्रवेशपत्र घेऊन शाखेत जाऊन ती लेखी मागावी लागते आणि तिचे लेखी उत्तर जपून ठेवावे लागते. शिक्षण चालू असताना व्याज भरत राहणाऱ्याला अनेक बँका दरात एक टक्क्यापर्यंत सवलत देतात; तीही विचारल्याशिवाय क्वचितच कळते.

म्हणून ज्यांच्यावर आधीचे कर्ज आहे, त्यांनी पाठ्यवेतनाचा विचार करताना 'यातून माझे व्याज भागते का' ही पहिली कसोटी लावावी. महिना बारा हजार मिळत असतील आणि त्यातील तीन हजार तीनशे बँकेला गेले, तर उरलेल्या रकमेत राहता येईल अशाच गावात शिकणे शहाणपणाचे. हा निर्णय भावनेने होतो तेव्हा सहसा चुकतो, असे आमच्या कार्यालयात येणाऱ्या वाचकांच्या पत्रांवरून वाटते.

प्रवेशाबरोबरच येणारा पैसा

शिष्यवृत्तीसाठी वणवण करण्यापूर्वी, ज्या अभ्यासक्रमाबरोबर पाठ्यवेतन आपोआप जोडलेले आहे तो आपल्याला चालेल का, हे पाहावे. तंत्रशिक्षणात हे सर्वांत स्पष्ट आहे. 'गेट'मध्ये पात्र ठरून मान्यताप्राप्त संस्थेत पूर्णवेळ एम.ई. वा एम.टेक. करणाऱ्यास, तसेच 'जीपॅट'द्वारे एम.फार्म. करणाऱ्यास, दरमहा १२,४०० रुपये कमाल चोवीस महिने मिळतात. दोन वर्षांची ही रक्कम २,९७,६०० रुपये होते. वाजपेयींच्याच नावाने ग्वाल्हेरमध्ये १९९७ पासून भारतीय माहिती तंत्रज्ञान व व्यवस्थापन संस्था चालते. ज्याला कानपूरला जाण्यासाठी पंचाहत्तर रुपयांची वाट पाहावी लागली, त्याच्या नावाच्या संस्थेत आज 'गेट'च्या गुणांवर एम.टेक.ला प्रवेश मिळतो. गोव्यातल्या गोव्यात कुंकळ्ळीची एनआयटी हा पर्याय आहेच. मात्र 'गेट'ची पात्रता नसताना त्याच वर्गात प्रवेश मिळाला, तर हे पाठ्यवेतन मिळत नाही. एकाच बाकावर बसलेल्या दोघांपैकी एकाला महिना बारा हजार आणि दुसऱ्याला शून्य, अशी स्थिती येऊ शकते. पदवीच्या शेवटच्या वर्षी ही परीक्षा गांभीर्याने देणे, हा कर्ज टाळण्याचा बहुधा सर्वांत स्वस्त उपाय आहे.

कला, वाणिज्य व मूलभूत विज्ञान शाखांत असे आपोआप मिळणारे पाठ्यवेतन नाही. येथे विद्यापीठ अनुदान आयोगाची 'पदव्युत्तर शिक्षणासाठी राष्ट्रीय शिष्यवृत्ती' महत्त्वाची. २०२३ मध्ये जुन्या अनेक योजना एकत्र करून ती आणली गेली. दरवर्षी दहा हजार विद्यार्थी, दरमहा १५,००० रुपये, वर्षातून दहा महिने, दोन वर्षे असे तिचे स्वरूप आहे; एकूण तीन लाख रुपये होतात. निवड पदवीच्या गुणांवर होते, तीस टक्के जागा महिलांसाठी असतात आणि वयोमर्यादा तीस वर्षांची आहे. पूर्णवेळ, नियमित अभ्यासक्रमाच्या पहिल्या वर्षातच अर्ज करावा लागतो. दूरस्थ शिक्षण घेणारे यात बसत नाहीत. मराठी, इतिहास, तत्त्वज्ञान अशा विषयांत एम.ए. करणाऱ्यांपर्यंत ही माहिती फारशी पोहोचत नाही, याची खंत वाटते. या विषयांच्या विद्यार्थ्यांनी 'आपल्याला कोण पैसे देणार' असे आधीच गृहीत धरलेले असते.

एम.ए. वा एम.एस्सी.नंतर संशोधनाकडे वळणाऱ्यांसाठी चित्र एकदम बदलते. 'नेट' परीक्षेतून कनिष्ठ संशोधन अधिछात्रवृत्ती मिळाली, तर १ जानेवारी २०२३ पासूनच्या दराने पहिली दोन वर्षे दरमहा ३७,००० आणि पुढे ४२,००० रुपये मिळतात. घरभाडे भत्ता वेगळा. पंतप्रधान संशोधन अधिछात्रवृत्ती सत्तर हजारांपासून सुरू होते, पण तिची स्पर्धा तीव्र आहे. दोनापावला येथील राष्ट्रीय समुद्रविज्ञान संस्थेत संशोधन करणाऱ्या अनेकांचा खर्च अशाच अधिछात्रवृत्तीतून चालतो. म्हणजे ज्याला संशोधनच करायचे आहे, त्याच्यापुढे खरी अडचण मधल्या दोन वर्षांची असते. ती दोन वर्षे घरून, कमी शुल्कात, व्याज भरत भरत काढता आली, तर पुढची पाच वर्षे कर्जाविना जातात. पदव्युत्तर वैद्यकीय शिक्षणात निवासी डॉक्टरांना विद्यावेतन मिळते. तेथील प्रश्न सेवाबंधपत्राचा, आणि तो स्वतंत्र लेखाचा विषय.

व्यवस्थापनाचे शिक्षण या चौकटीत बसत नाही, हे स्पष्ट सांगितले पाहिजे. पर्यटन मंत्रालयाची भारतीय पर्यटन व प्रवास व्यवस्थापन संस्था १९८३ पासून कार्यरत असून तिचे मुख्यालय ग्वाल्हेरला आहे; गोव्यातील राष्ट्रीय जलक्रीडा संस्था ही तिचेच केंद्र. पर्यटनावर जगणाऱ्या आपल्या राज्यातील विद्यार्थ्यांना हे नाव परिचित आहे. परंतु एम.बी.ए. म्हटले की महिन्याचे पाठ्यवेतन विसरावे लागते आणि प्रत्येक संस्थेची शुल्कसवलत, राखीव प्रवर्गांच्या शिष्यवृत्त्या आणि नोकरीतून साठवलेला पैसा यांवरच गणित बसवावे लागते.

काशीचे अन्नछत्र आणि बडोद्याची अट

ग्वाल्हेरच्या रस्त्याने गेलेला एक विद्यार्थी आपल्या मातीतला होता. साखवाळ येथे ९ ऑक्टोबर १८७६ रोजी जन्मलेले धर्मानंद कोसंबी १८९९ च्या अखेरीस पत्नी आणि लहान मुलीला मागे ठेवून घराबाहेर पडले. पुणे, तेथून ग्वाल्हेर, आणि पुढे काशी असा त्यांचा ज्ञानाच्या शोधातला प्रवास झाला. हाताशी पैसा नव्हता. काशीत ते अन्नछत्रात जेवत आणि शास्त्र्यांकडे संस्कृत शिकत. पुढे सिंहलद्वीपात विद्योदय विद्यालयात श्रामणेर म्हणून राहून त्यांनी पाली आत्मसात केली. तेथे राहण्या-जेवण्याचा भार विहाराने वाहिला. घरच्यांनी मात्र त्या वर्षांची किंमत वेगळ्या रीतीने मोजली, हेही विसरता येत नाही.

कोसंबींच्या आयुष्यातील पुढचा प्रसंग आपल्या विषयाच्या अधिक जवळचा आहे. बडोद्याचे सयाजीराव गायकवाड यांनी त्यांना दरमहा पन्नास रुपये देऊ केले. अट अशी की, त्यांनी महाराष्ट्रात कोठेही राहावे आणि वर्षाकाठी एक पुस्तक बडोदा सरकारसाठी लिहून द्यावे. कलकत्ता विद्यापीठात याहून कितीतरी मोठे वेतन मिळण्यासारखे होते. तरी कोसंबींनी पन्नास रुपये स्वीकारले. ही अट त्यांना जाचक नव्हती. मराठी वाचकांपर्यंत बुद्धविचार पोहोचवणे हेच त्यांना करायचे होते. देणाऱ्याची अपेक्षा आणि घेणाऱ्याची इच्छा एका रेषेत आली, म्हणून ती रक्कम लहान असूनही पुरली.

त्याच बडोद्याच्या पैशाची दुसरी बाजू डॉ. बाबासाहेब आंबेडकरांच्या चरित्रात दिसते. १९१३ मध्ये कोलंबिया विद्यापीठात जाण्यासाठी संस्थानाने त्यांना दरमहा साडेअकरा पौंड तीन वर्षांसाठी दिले. त्याबदल्यात परत आल्यावर दहा वर्षे संस्थानाची सेवा करण्याचा करार होता. शिष्यवृत्तीची मुदत संपली तेव्हा लंडनमधील शिक्षण अर्धवट टाकून १९१७ मध्ये त्यांना परतावे लागले. बडोद्यात नोकरी होती. पण अस्पृश्य म्हणून राहायला जागा मिळेना आणि कचेरीत मानहानी सोसावी लागली. अखेर त्यांना बडोदा सोडावे लागले. करारात सेवेची वर्षे लिहिली होती. ती सेवा करणाऱ्याला शहरात छप्पर मिळेल की नाही, हे कोणी लिहिले नव्हते.

त्यानंतर त्यांनी काय केले, तेही पाहण्यासारखे आहे. १९१८ ते १९२० या काळात मुंबईच्या सिडनहॅम कॉलेजात प्राध्यापकी करून त्यांनी पगारातून पैसा बाजूला टाकला, शाहू महाराजांचे साहाय्य घेतले आणि मग कमी पडणारी रक्कम, पाच हजार रुपये, मित्र नवल भथेना यांच्याकडून कर्जाऊ घेऊन ते लंडनला परतले. प्रथम बचत, मग साहाय्य आणि उरलेल्या खड्ड्यापुरतेच कर्ज, असा तो क्रम होता. आज बँकेचा अर्ज आधी भरला जातो आणि उरलेले दोन्ही मार्ग नंतर आठवतात.

आजच्या शिष्यवृत्त्यांच्या अटीही याच नजरेने वाचाव्यात. कर्जाला व्याज असते, तसे फुकट पैशाला बंधन असते. ते वेळेचे असते, गावाचे असते, गुणांचे असते किंवा सेवेचे. ब्रिटनची चेव्हनिंग शिष्यवृत्ती एका वर्षाच्या पदव्युत्तर शिक्षणाचा सर्व खर्च उचलते, पण शिक्षणानंतर किमान दोन वर्षांसाठी मायदेशी परतावे लागते आणि अर्ज करताना दोन वर्षांचा, म्हणजे २,८०० तासांचा, कामाचा अनुभव लागतो. अमेरिकेच्या फुलब्राइट-नेहरू शिष्यवृत्तीसाठी तीन वर्षांचा कार्यानुभव लागतो आणि तिच्या व्हिसालाही दोन वर्षे मायदेशी राहण्याचे बंधन जोडलेले असते. ज्याला परतायचेच आहे, त्याला ही अट मुळीच महाग नाही. ज्याला तेथे नोकरी करून घरचे कर्ज फेडायचे आहे, त्याला ती परवडणारी नाही. दोघांनाही तीच शिष्यवृत्ती सारखी वाटते, आणि चूक तेथेच होते.

नाव शिष्यवृत्तीचे, व्यवहार कर्जाचा

शोध घेताना एक शब्द डोळ्यांत तेल घालून वाचावा लागतो. जमशेटजी टाटा यांनी १८९२ मध्ये सुरू केलेली देणगी-निधी योजना ही परदेशातील उच्च शिक्षणासाठीची अत्यंत प्रतिष्ठित योजना आहे. परंतु तिचे मूळ स्वरूप 'कर्ज-शिष्यवृत्ती'चे आहे; रक्कम परत करायची असते. के. सी. महिंद्र न्यासाची परदेशातील पदव्युत्तर शिक्षणासाठीची योजनाही बिनव्याजी कर्जाची आहे. या संस्थांनी हे कधीच लपवलेले नाही. गोंधळ वाचणाऱ्याचा होतो. गोव्यात गोवा शिक्षण विकास महामंडळाची बिनव्याजी शैक्षणिक कर्ज योजना आहे. तीही कर्जच. तरीही व्याजाच्या बँककर्जाऐवजी बिनव्याजी कर्ज मिळत असेल, तर तो बदल स्वागतार्ह आहे. दोन्ही एकाच वेळी डोक्यावर घेणे मात्र टाळावे.

परत न करावयाच्या पैशासाठी गोमंतकीयांनी प्रथम राज्याच्याच दाराशी जावे. गुणवंत विद्यार्थ्यांच्या पदव्युत्तर व संशोधन शिक्षणासाठी 'मनोहर पर्रीकर गोवा स्कॉलर्स' ही योजना आहे. देशात आणि परदेशात शिकणाऱ्या दोघांनाही ती लागू होते. आर्थिकदृष्ट्या दुर्बल विद्यार्थ्यांसाठी उच्च शिक्षण संचालनालयाची बर्सरी योजना आहे. अनुसूचित जमातींच्या विद्यार्थ्यांसाठी आदिवासी कल्याण खात्याची 'गगन भरारी शिक्षा योजना' आहे. केंद्राच्या अनुसूचित जातींसाठीच्या मॅट्रिकोत्तर शिष्यवृत्तीस अडीच लाखांची वार्षिक उत्पन्नमर्यादा आहे. परदेशी जाणाऱ्या अनुसूचित जातींच्या विद्यार्थ्यांसाठी राष्ट्रीय परदेश शिष्यवृत्तीच्या दरवर्षी १२५ जागा असतात. त्यांत काही जागा भटक्या-विमुक्त जमाती, भूमिहीन शेतमजूर आणि पारंपरिक कारागीर यांच्यासाठीही ठेवलेल्या आहेत. तिला कुटुंबाचे उत्पन्न आठ लाखांच्या आत, पदवीला साठ टक्के गुण आणि पस्तीसच्या आतले वय अशा अटी आहेत. रकमा व मुदती दरवर्षीच्या अधिसूचनेप्रमाणे पाहाव्यात. बहुतेक ठिकाणी एका वेळी एकच शिष्यवृत्ती घेता येते, त्यामुळे आधी हाती आलेली लहान रक्कम स्वीकारताना मोठ्या रकमेचा निकाल कधी आहे, हे पाहून घ्यावे.

संगीताच्या विद्यार्थ्यांसाठी वेगळी दोन वाक्ये. लष्करातील माधव संगीत महाविद्यालयाची परंपरा आणि ग्वाल्हेर घराण्याची ओढ यांमुळे गोव्यातील गाणारी मुले आजही त्या शहराचे नाव घेतात. १८ ते २५ वयोगटातील तरुण कलाकारांना केंद्राच्या सांस्कृतिक प्रशिक्षण केंद्रामार्फत दरमहा ५,००० रुपये दोन वर्षे मिळू शकतात आणि गुरूकडे शिकण्यासाठी ते आहेत.

पोर्तुगीज पारपत्राचा मोह

गोव्यापुरता एक प्रश्न दुसऱ्या कोणत्याही राज्याच्या वर्तमानपत्रात येणार नाही. १९ डिसेंबर १९६१ पूर्वी गोव्यात जन्मलेल्यांच्या वंशजांना आपला जन्म पोर्तुगालमध्ये नोंदवून तेथील नागरिकत्व घेता येते. युरोपीय संघातील अनेक सार्वजनिक विद्यापीठांत संघाच्या नागरिकांना परदेशी विद्यार्थ्यांपेक्षा बरेच कमी शुल्क पडते. त्यामुळे शिक्षणाचा खर्च टाळण्याचा मार्ग म्हणून घराघरांत या पारपत्राची चर्चा होते.

येथे दोन गोष्टी डोळ्यांआड होतात. स्वेच्छेने परदेशी नागरिकत्व घेतले की १९५५ च्या कायद्यानुसार भारतीय नागरिकत्व संपते. त्याबरोबर वर सांगितलेल्या, भारतीय नागरिकांसाठीच असलेल्या योजनाही संपतात. दुसरी गोष्ट ब्रिटनची. तो देश संघाबाहेर पडल्यावर २०२१-२२ या शैक्षणिक वर्षापासून, पूर्वीपासून तेथे स्थायिक असल्याचा दर्जा नसलेल्या युरोपीय नागरिकांनाही इंग्लंडमध्ये परदेशी विद्यार्थ्यांचे शुल्क भरावे लागते. स्विंडन किंवा साउथॉलमध्ये नातलग आहेत म्हणून तेथे स्वस्तात पदव्युत्तर शिक्षण होईल, ही समजूत आता जुनी झाली.

युरोपकडे जायचेच, तर पारपत्र न बदलताही मार्ग आहेत. इरास्मस मुंडस संयुक्त पदव्युत्तर अभ्यासक्रमांची शिष्यवृत्ती शुल्क माफ करून दरमहा १,४०० युरो, कमाल चोवीस महिने देते. जर्मनीतील बहुतांश सार्वजनिक विद्यापीठांत शिक्षणशुल्क नाही. बाडेन-वुर्टेमबर्ग या राज्यात मात्र संघाबाहेरील विद्यार्थ्यांना सत्राला १,५०० युरो पडतात. शुल्क नाही म्हणून खर्च नाही असेही नव्हे, कारण व्हिसासाठी वर्षभराच्या निर्वाहाची रक्कम आधीच खात्यात अडकवून दाखवावी लागते, आणि बहुतेक कुटुंबे नेमके त्यासाठीच कर्ज काढतात. भारतीयांसाठीची स्वस्त जर्मनी अखेर याच टप्प्यावर महाग होते.

आधी नोकरी, मग वर्ग

भातखंडे यांच्या पद्धतीचे शिक्षण घेण्यासाठी ग्वाल्हेर संस्थानने १९१७ मध्ये आपल्याकडील गायकांना मुंबईस पाठवले आणि परत आल्यावर लष्करात संगीत विद्यालय उभे केले. संस्थेने माणूस पाठवायचा, खर्च उचलायचा आणि त्याची विद्या परत आपल्याकडे आणायची, अशी ती रीत होती. शासकीय सेवेत असलेल्यांना आजही ती उपलब्ध आहे. केंद्रीय नागरी सेवा (रजा) नियम, १९७२ लागू असलेल्या कर्मचाऱ्यास पाच वर्षांच्या सेवेनंतर अध्ययन रजा मिळू शकते. ती एका वेळी साधारण बारा महिने आणि संपूर्ण सेवेत चोवीस महिने असते. रजेच्या काळात वेतन चालू राहते. त्याबदल्यात परतल्यावर ठरावीक वर्षे सेवा करण्याचे बंधपत्र द्यावे लागते. शिक्षकांनी, शारीरिक शिक्षण संचालकांनी, ग्रंथपालांनी या तरतुदीचा विचार करावा. ग्वाल्हेरची लक्ष्मीबाई राष्ट्रीय शारीरिक शिक्षण संस्था १८५७ च्या शताब्दी वर्षात, १९५७ मध्ये स्थापन झाली आणि शारीरिक शिक्षणातील पदव्युत्तर पदवीसाठी ती देशभर ओळखली जाते. सेवेतील शिक्षकाने कर्ज काढून तेथे जाण्याआधी आपल्या खात्याला रजेबद्दल विचारलेले बरे.

खासगी नोकरीत असलेल्यांना ही सोय नाही. त्यांच्यासाठी दूरस्थ शिक्षण, किंवा बाबासाहेबांप्रमाणे दोन वर्षे पगार साठवून मग पूर्णवेळ शिकणे, हे दोनच मार्ग उरतात. दुसऱ्या मार्गात वयोमर्यादा पाहावी. तीसच्या आतल्या शिष्यवृत्त्या अठ्ठाविसाव्या वर्षी शोधायला निघालेल्यांना बहुतेक दारे बंद होत आलेली आढळतात.

कर्ज टाळणे अगदीच अशक्य असेल, तर कुटुंबाचे वार्षिक उत्पन्न आधी लिहून काढावे. साडेचार लाखांपर्यंत उत्पन्न असलेल्यांसाठी शिक्षणकाळातील व्याजाची केंद्रीय सवलत आहे. २०२४ च्या अखेरीस आलेल्या पीएम-विद्यालक्ष्मी योजनेत आठ लाखांपर्यंत उत्पन्न असलेल्यांना दहा लाखांपर्यंतच्या कर्जावर तीन टक्के व्याजसवलत मिळते. पूर्वीच्या करपद्धतीत राहणाऱ्यांना व्याजाची आठ वर्षांपर्यंतची वजावट कलम ८०-ई खाली मिळत आली आहे.

अर्जाच्या वेळी अडचण बहुधा पैशाची नसते, कागदाची असते. राष्ट्रीय शिष्यवृत्ती पोर्टलवर एकदाच करावयाची नोंदणी लागते आणि रक्कम आधार जोडलेल्या बँक खात्यातच जमा होते. राज्याच्या बहुतेक योजनांना मामलेदार कार्यालयाचा रहिवास दाखला आणि चालू वर्षाचा उत्पन्नाचा दाखला मागितला जातो. निकालानंतर तो काढायला गेले की रांग लांब असते. गोव्यात आणखी एक गुंता आहे. जन्मदाखल्यावर एक स्पेलिंग, शाळेच्या दाखल्यावर दुसरे, आधारवर तिसरे. नाईकचे नायक, शेणवीचे सिनाय, आईच्या माहेरच्या नावाचा कोठे उल्लेख तर कोठे नाही. नावातील एका अक्षराच्या फरकामुळे अर्ज अडकतो. पदवीच्या शेवटच्या वर्षाच्या दिवाळीच्या सुटीत हे तिन्ही कागद समोरासमोर ठेवून तपासावेत आणि जेथे फरक असेल तेथे प्रतिज्ञापत्राची किंवा दुरुस्तीची प्रक्रिया तेव्हाच सुरू करावी. जून-जुलैमध्ये त्या खिडकीपुढे उभे राहिल्यावर प्रवेशाची मुदत कोणासाठी थांबत नाही.